कॉलेजच्या गच्चीवर हवामान उपग्रह केंद्र: काय घ्यावं, काय घेऊ नये

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरजवळच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या सरांना 'हवामान उपग्रह केंद्र' काढण्यासाठी आठ लाख रुपये मिळण्याची शक्यता आहे. ते विचारतात: मोठी फिरती डिश घ्यावी का? नोआ या अमेरिकी हवामान संस्थेचे जुने उपग्रह बंद झाले म्हणे, मग अँटेना लावून मिळणार काय? आणि इन्सॅट या आपल्या भारतीय उपग्रहांची चित्रं मोबाइलवर घरबसल्या दिसत असताना पोरांनी त्यात संशोधन ते काय करायचं?

सर, नमस्कार. उपग्रहाची चित्रं उतरवणं, तपासणं आणि त्यावर विद्यार्थ्यांकडून काम करून घेणं हे मी नागपुरात 22 वर्षं करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमचे प्रश्न तीन आहेत, पण त्यांच्यामागे मला एकच दिसतो: पैसे खर्च झाल्यावर तिसऱ्या वर्षी त्या खोलीत काही चालू असेल का? थाटात उद्घाटन झालेली आणि दोन पावसाळ्यांत कुलूप लागलेली केंद्रं मी पाहिली आहेत. यंत्रं चांगली होती. रोज सकाळी येऊन काय बघायचं आणि कशाशी ताडून बघायचं, हे मात्र कुणी ठरवलेलं नव्हतं.

आधी 'केंद्र' या शब्दाचा उलगडा करू, कारण संस्थाचालकांच्या मनात उपग्रहाला आज्ञा देणारी खोली असते. ते काम कॉलेजचं नव्हे. इन्सॅट उपग्रहांचं नियंत्रण हासन आणि भोपाळच्या इस्रोच्या केंद्रांतून होतं. विद्यापीठातलं केंद्र करतं ते वेगळं: आलेला डेटा उतरवून घ्यायचा, त्यातला प्रत्येक ठिपका (पिक्सेल) जमिनीवर नेमका कुठे पडतो ते बसवायचं, आकड्यांचं तापमानात रूपांतर करायचं, ते खरं आहे का ते तपासायचं आणि सगळं जपून ठेवायचं. यातली एकही पायरी दिखाऊ नाही, पण संशोधन याच पायऱ्यांवर उभं राहतं.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचं मॅडिसनचं केंद्र या बाबतीत आदर्श मानलं जातं. ते 1965 साली व्हर्नर सुओमी यांनी सुरू केलं. भूस्थिर कक्षेतून, म्हणजे जिथून उपग्रह पृथ्वीच्या एकाच भागावर कायम स्थिर दिसतो तिथून, ढगांची सलग चित्रं पहिल्यांदा मिळाली ती त्यांच्या कॅमेऱ्यातून, डिसेंबर 1966 मध्ये सुटलेल्या एटीएस-1 उपग्रहावरून. पुढे सुओमी एनपीपी या उपग्रहाला त्यांचंच नाव दिलं गेलं. पण मला त्यांची आधीची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. या माणसाचा पीएचडीचा विषय होता मक्याच्या शेतातला उष्णतेचा जमाखर्च. ऊन किती आलं, जमिनीनं किती घेतलं, किती परत गेलं, हे त्यांनी आधी शेतात उभं राहून मोजलं. तेच मोजमाप मग 1959 मध्ये एक्सप्लोरर-7 वरच्या उपकरणानं सगळ्या पृथ्वीसाठी करायला घेतलं. जमीन आधी, आकाश नंतर. तुमच्या आठ लाखांची वाटणी मी याच क्रमानं करणार आहे.

आता नोआ. तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. नोआ-18 जून 2025 मध्ये आणि नोआ-15 व नोआ-19 ऑगस्ट 2025 मध्ये बंद केले गेले. 137 मेगाहर्ट्झवर टिकटिक करत येणारी ती साधी चित्रं त्यांच्यासोबत गेली. माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांनी 'उपग्रह' पहिल्यांदा ऐकला तो त्या आवाजातून, त्यामुळे मला वाईट वाटलंच. पण त्या पट्ट्यात रशियाचे मेटिऑर-एम एन2-3 (जून 2023) आणि एन2-4 (फेब्रुवारी 2024) आहेत. ते डिजिटल चित्र पाठवतात आणि त्यात ठिपका सुमारे 1 किलोमीटरचा असतो. जुन्या नोआच्या चित्रात तो 4 किलोमीटरचा होता. म्हणजे विद्यार्थ्यांच्या हाती पूर्वीपेक्षा चांगलं चित्र येतं.

त्यासाठी लागतं काय? अॅल्युमिनियमच्या दोन कांड्या, प्रत्येकी साधारण 53 सेंटिमीटर, एकमेकींशी 120 अंशांचा कोन करून आडव्या बांधायच्या. चार-पाच हजार रुपयांत मिळणारा एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर), चांगली कोअॅक्स केबल, एक जुना लॅपटॉप आणि सॅटडम्प हे मोफत सॉफ्टवेअर. बस्स. आपल्याकडे एक अडचण नक्की येईल. विमानांचा रेडिओ पट्टा 118 ते 137 मेगाहर्ट्झ, म्हणजे अगदी खेटून, आणि शहरातले एफएम ट्रान्समीटर त्याच्या खाली. नागपूरच्या सोनेगाव विमानतळापासून तुम्ही जितके जवळ, तितका हा त्रास जास्त. 137 चा फिल्टर डोंगलच्या आधी लावा, त्यात काटकसर करू नका.

पहिला पास, म्हणजे उपग्रहाची डोक्यावरून होणारी एक फेरी, मात्र विद्यार्थ्यांनाच उतरवू द्या. आमच्याकडे एका मुलीनं पीव्हीसी पाइपवर इन्सुलेशन टेपनं कांड्या बांधल्या होत्या. पास सुरू झाला तेव्हा पडद्यावर नुसता धूर होता. मग डिजिटल सिग्नलच्या आलेखातले ठिपक्यांचे चार पुंजके हळूहळू वेगळे होऊ लागले, सिग्नल पकडला गेला आणि चित्राच्या ओळी वरून खाली उतरू लागल्या. हिमालय, मग गंगेचं खोरं, मग आपल्याकडचं ढगांचं जाळं. उपग्रह दक्षिणेला क्षितिजाखाली जाईपर्यंत बारा-तेरा मिनिटं कुणी जागचं हललं नाही. भौतिकशास्त्राच्या वर्गात डॉप्लर आणि मॉड्युलेशन शिकवून जे होत नाही ते तेवढ्या वेळात होतं. शिकवण्यासाठी अँटेना हवीच, असं मी म्हणते ते यासाठी.

याच्या पुढची पायरी 1.7 गिगाहर्ट्झची. एक मीटरच्या आसपासची डिश एका जागी घट्ट बसवून तुम्ही भूस्थिर उपग्रह ऐकू शकता. दक्षिण कोरियाचा जीके-2ए 128.2 अंश पूर्वेला आहे. नागपूरहून तो पूर्व-आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण 30 अंशांवर दिसतो. त्या दिशेला इमारत किंवा पाण्याची टाकी आहे का ते आधी बघा. डिश फिरवायची नसल्यानं बिघडण्यासारखं फार काही नसतं. युरोपच्या मेटॉप आणि रशियाच्या मेटिऑरची पूर्ण क्षमतेची चित्रं हवी असतील तर मात्र उपग्रहामागे फिरणारी डिश लागते, आणि तिथून देखभाल सुरू होते. मोटर मे महिन्यातल्या उन्हात तापते, जुलैत गिअरमध्ये पाणी जातं, माकडं केबलला लोंबकळतात.

तुमच्या मनातली 'मोठी फिरती डिश' बहुधा एक्स बँडची आहे. सुओमी एनपीपी, नोआ-20, नोआ-21 हे उपग्रह 7.8 गिगाहर्ट्झवर थेट डेटा पाठवतात आणि त्यासाठी अडीच-तीन मीटरची, अचूक फिरणारी डिश लागते. माझं स्पष्ट मत: घेऊ नका. आठ लाखांत ती धड येणार नाही, आणि आली तरी सांभाळायला माणूस उरणार नाही. तोच डेटा काही तास उशिरा इंटरनेटवर मोफत मिळतो, आणि तुम्ही वणवा विझवायला किंवा विमान उतरवायला निघालेला नाहीत.

संशोधनासाठी तुमचा मुख्य स्रोत इन्सॅटच असणार. इन्सॅट-3डीआर (सप्टेंबर 2016) 74 अंश पूर्वेला आणि इन्सॅट-3डीएस (फेब्रुवारी 2024) 82 अंश पूर्वेला. नागपूर 79 अंशांवर, म्हणजे दोघांच्या मध्ये. त्यांच्या इमेजरमध्ये, म्हणजे चित्र टिपणाऱ्या उपकरणात, सहा पट्टे: दृश्य आणि लघु-अवरक्त (इन्फ्रारेड) 1 किलोमीटर, मध्यम आणि औष्णिक अवरक्त 4 किलोमीटर, बाष्पाचा पट्टा 8 किलोमीटर. प्रत्येक उपग्रह अर्ध्या तासाला एक पूर्ण चित्र देतो. हा डेटा अहमदाबादच्या स्पेस अॅप्लिकेशन्स सेंटरच्या मॉसडॅक या संकेतस्थळावर नोंदणी करून मिळतो, आणि सॅटपाय ही पायथन या संगणकभाषेतली मोफत लायब्ररी तो थेट वाचते.

इथे माझी एक जुनी चूक सांगते, कारण ती तुम्ही करू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. सुरुवातीच्या वर्षांत हार्ड डिस्क महाग होत्या, म्हणून आम्ही रोजची रंगीत चित्रं तेवढी ठेवली आणि मूळ आकडे पुसले. चित्रं सुंदर होती, आम्ही त्यांचे अल्बम केले. काही वर्षांनी एका विद्यार्थिनीला नवतपाच्या (मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या) दिवसांतलं विदर्भातल्या जमिनीचं तापमान वर्षानुवर्षं कसं बदललं ते बघायचं होतं. आमच्याकडे पाच वर्षांची लाल-पिवळी चित्रं होती आणि एकही अंश नव्हता. रंगावरून तापमान परत काढता येत नाही. तिनं विषय बदलला. तेव्हापासून नियम केला: चित्र पुसलं तरी चालेल, मूळ फाइल नाही. पूर्ण गोलार्ध ठेवायची गरज नसते. 18 ते 23 उत्तर अक्षांश आणि 75 ते 82 पूर्व रेखांश एवढा चौकोन कापून ठेवलात तरी विदर्भ आजूबाजूच्या भागासह येतो आणि डिस्क भरत नाही.

आता तुमचा खरा अवघड प्रश्न: चित्रं सगळ्यांना दिसत असताना संशोधन काय? मी नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या महिन्यात एकच काम देते. 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आठवत असेलच. काही तासांत 100 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउटमधल्या घरांत शिरलं. मी सांगते, त्या रात्री दोन वाजताचा नागपूरवरचा ढग मला दाखवा. काम सोपं वाटतं. जवळजवळ प्रत्येक जण पहिल्यांदा चुकतो, आणि प्रत्येक चुकीतून एक धडा निघतो.

पहिली चूक तारखेची. ते 23 सप्टेंबरची फाइल उतरवतात. फाइलवरची वेळ जागतिक असते, आपण साडेपाच तास पुढे. आपल्या 23 तारखेचे रात्रीचे दोन म्हणजे तिकडे 22 तारखेचे 20:30. चुकीच्या दिवसाची फाइल उघडून 'ढग विशेष नव्हते' असा निष्कर्ष काढलेला अहवालही माझ्याकडे आलाय.

दुसरी चूक वेळेतलीच, पण सूक्ष्म. फाइलवर 20:15 लिहिलंय म्हणजे नागपूरचा फोटो 20:15 ला निघाला असं नव्हे. उपग्रह उत्तरेकडून दक्षिणेकडे ओळीओळीनं सरकत पूर्ण गोल टिपतो, त्याला पंचविसेक मिनिटं लागतात. आपला अक्षांश यायला सुरुवातीपासून सात-आठ मिनिटं जातात. महिन्याच्या सरासरीत याचा फरक पडत नाही. अर्ध्या तासात वाढून कोसळणाऱ्या ढगाशी रडार किंवा पर्जन्यमापक ताडायचा असेल तेव्हा हीच मिनिटं हिशेब बिघडवतात.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त आवडते, कारण ती फळ्यावर भूमितीनं सिद्ध करता येते. उपग्रह आपल्याकडे तिरका पाहतो, त्यामुळे उंच ढगाचा माथा नकाशावर खऱ्या जागेपासून सरकलेला दिसतो. समजा सीताबर्डीवर 15 किलोमीटर उंचीचा ढग आहे. 74 अंशांवरून बघणाऱ्या इन्सॅट-3डीआरला तो सुमारे 7 किलोमीटर उत्तरेला, कामठी रोडवर कुठेतरी दिसेल. 45.5 अंशांवरच्या युरोपच्या मेटिओसॅट-9 ला तोच ढग सुमारे 15 किलोमीटर ईशान्येला दिसेल. आणि जपानचा हिमावारी 140.7 अंशांवर, आपण त्याच्या अगदी काठावर. त्याच्या चित्रात तो ढग 45 किलोमीटरहून जास्त पश्चिमेला, म्हणजे कोंढाळीपाशी उमटेल. हिमावारी दर दहा मिनिटांनी चित्र देतो म्हणून मुलं हौसेनं तोच घेतात आणि नागपूरचा पाऊस अमरावती रोडवर शोधत बसतात. तिन्ही उपग्रहांवरून एकाच ढगाची जागा काढून, त्या फरकावरून ढगाची उंची काढणं हा पदव्युत्तर विद्यार्थ्यासाठी सुंदर प्रकल्प आहे. पैसे लागत नाहीत, त्रिकोणमिती लागते.

हे सगळं दुरुस्त केल्यावर चौथी, खरी अडचण समोर येते. रात्री दृश्य चित्र नसतं, फक्त औष्णिक अवरक्त असतं. त्यातून ढगाच्या माथ्याचं तापमान कळतं. पाऊस कळत नाही. माथा उणे 70 अंश असला तरी त्याच्या पसरलेल्या छत्राखाली थेंबही न पडणं अगदी शक्य आहे. शिवाय 4 किलोमीटरच्या एका ठिपक्यात अंबाझरी आणि धरमपेठ दोन्ही येतात. उपग्रहावरून पावसाचा अंदाज देणाऱ्या पद्धती आहेत, इन्सॅटची हायड्रो-एस्टिमेटर ही पद्धत आहे, जीपीएम या पाऊस मोजणाऱ्या आंतरराष्ट्रीय उपग्रह मोहिमेचा अर्ध्या तासाचा, सुमारे 10 किलोमीटरच्या जाळीचा डेटा आहे. पण त्या नागपूरवर किती बरोबर येतात, कोणत्या महिन्यात फसतात, मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात जास्त की सप्टेंबरमधल्या मुसळधारेत, हे तपासायला जमिनीवर दाट मोजमाप लागतं. ते तुम्ही उभारू शकता. विद्यार्थी हिंगणा, वाडी, कामठी, उमरेड रोड, सगळीकडून येतात ना? दहा-बारा घरांच्या गच्चीवर साधे पर्जन्यमापक द्या, कॉलेजात मिनिटामिनिटाची नोंद ठेवणारा एक स्वयंचलित बसवा. दोन पावसाळ्यांत तुमच्या हाती असा डेटा असेल जो मोबाइलवर कुणालाच दिसत नाही. तुमचं संशोधन ते.

उन्हाळ्याचंही तसंच. मे 2024 मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं 56 अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. नंतर ती सेन्सरची चूक ठरली. लोक मला विचारत होते, उपग्रह काय म्हणतो? मला आधी हे समजवावं लागलं की उपग्रहाचा हा कॅमेरा आपल्या भोवतालच्या हवेचं तापमान मोजतच नाही. तो जमिनीच्या कातडीचं मोजतो: डांबर, टिनाची छपरं, नांगरून पडलेली काळी माती. दुपारी ती हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी सहज जास्त तापते. तरी उपग्रहाचा उपयोग होतो. जमिनीवरचं एखादं केंद्र अचानक उसळलं आणि त्याच भागातल्या ठिपक्याचं तापमान कालच्यासारखंच असलं, तर आधी सेन्सरवर संशय घ्यायचा. कॉलेजच्या मैदानात मातीवर, गवतावर आणि डांबरावर तीन सेन्सर ठेवून वर्षभर हा संबंध बसवा. सुओमींचं मक्याचं शेत तुमच्या मैदानात आणलंत असं समजा. काटोल-नरखेडकडच्या संत्रा बागांवर फेब्रुवारी-मार्चमध्ये होणारी गारपीट हाही विषय आहे, पण त्याला रडारचा आधार हवा, म्हणून पहिल्या वर्षी घेऊ नका.

तुमची परिस्थिती मला माहीत नाही, त्यामुळे काही गोष्टी तुम्हीच ठरवायच्या. पायथन येणारा एक तरी सहकारी आहे का? उन्हाळ्यात वीज जाते तेव्हा त्या खोलीला यूपीएस मिळेल का? सुट्टीत कोण येणार? तिन्हींची उत्तरं 'नाही' असतील तर अँटेना आणि अंबाझरीचा अभ्यास एवढंच करा, तेही कमी नाही. 'हो' असतील तर आठ लाखांची वाटणी मी अशी करीन: संगणक, डिस्कच्या दोन जोड्या आणि यूपीएसला दोन लाख; अँटेना, डोंगल, स्थिर डिश, फिल्टर, केबलला पन्नास हजार; पर्जन्यमापक आणि तापमानाच्या सेन्सरना दीड लाख; दोन वर्षं रोज नोंदी सांभाळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मानधनाला तीन लाख; उरलेला एक लाख दुरुस्तीसाठी राखून. प्राचार्यांना मानधनाचा आकडा खटकेल, तो कमी करू देऊ नका. डिस्कच्या दोन जोड्या वेगवेगळ्या इमारतींत ठेवा.

काही विकत घेण्याआधी सोनेगावच्या प्रादेशिक हवामान केंद्रात आणि व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेच्या आवारातल्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रात पत्र देऊन भेटून या. विद्यार्थ्यांना घेऊन जा. नोंदवही कशी भरतात, सेन्सर किती दिवसांनी तपासतात, हे तिथे प्रत्यक्ष बघायला मिळतं आणि ते कुठल्याही पुस्तकापेक्षा लवकर कळतं.

आणि एक काम याच आठवड्यात करा. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. मोजमाप त्याच वेळी, रविवारी आणि दिवाळीतसुद्धा व्हावं लागतं. आमच्या पहिल्या वर्षाच्या नोंदीत दर रविवारी रिकामी जागा आहे, कारण गच्चीची किल्ली ऑफिसच्या कपाटात असायची आणि कपाटाची किल्ली बाबूंच्या घरी. तेव्हा अर्ज करून गच्चीच्या किल्लीची दुसरी प्रत आताच करून घ्या.